टेकडीवरचे कंडक्टर

आप्पांना गाड्यांच्या रेसला नेण्यात माझा डाव होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आता गाडी चालवू नये, हे मला त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं होतं. आई गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत त्यांच्या चिपळूणच्या गाडीला दोनदा पोचा आला होता, दोन्ही डाव्या बाजूला. शेजारच्या काकांनी मला गुपचूप फोटो पाठवले होते. पण तीस वर्षं कुंभार्ली घाटात लाल बस चालवलेल्या माणसाला मुलीने हे सांगायचं कसं? म्हटलं, एक दिवस खूश करू आणि परतताना विषय काढू. अमेरिकेत, सनीव्हेलला माझ्याकडे येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. माझ्या गाडीत ते शिक्षा झालेल्या पोरासारखे गप्प बसत.

सुक्या, पिवळ्या टेकड्यांवरून रेसचा रस्ता वर चढत होता, वळत होता, पुन्हा खाली येत होता. रेसआधी गाड्या जवळून बघता येत होत्या. आप्पा एका गाडीसमोर उकिडवेच बसले.

"अगं, हे दिवे खोटे आहेत! चित्र चिकटवलंय."

खरंच, हेडलाइटचे स्टिकर होते. दरवाजेही नव्हते; ड्रायव्हर खिडकीतून आत शिरत होता. वेगाचा काटा नाही, असं तिथल्या मेकॅनिकने सांगितलं, तेव्हा मला वाटलं आप्पा हसतील.

"त्यात काय? आमच्या बसचा काटा तरी कधी चालायचा? इंजिनाच्या आवाजावरून कळतं."

रेस सुरू झाली. चाळीसेक गाड्यांच्या गोंगाटात आप्पा डोळे मिटून सांगू लागले, "आता गिअर उतरवला. हा दुसरा उशिरा उतरवतोय." एका निळ्या गाडीच्या चाकांतून उतारावर धूर निघत होता. "हा नुसता ब्रेकवर उतरतोय. टिकायचा नाही," ते म्हणाले. काही फेऱ्यांनी ती निळी गाडी वळणावर वळलीच नाही, सरळ मातीत गेली. आप्पांच्या तोंडून "अरेरे, बिचारा" निघालं. मी मात्र उगाच अभिमानाने इकडेतिकडे पाहिलं.

ड्रायव्हरांचं बोलणं ऐकू येणारा एक हेडफोन मी भाड्याने घेतला होता. तो आप्पांनी कानाला लावला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हा कोण मधे मधे बोलतोय?"

मी टेकडीवरचा उंच मचाण दाखवला. तिथे माणसं दुर्बिणी घेऊन ओळीने उभी होती.

"स्पॉटर, आप्पा. हेल्मेटमुळे ड्रायव्हरला साइडचं दिसत नाही ना, म्हणून हे बघून गाइड करतात. शेजारी गाडी आहे, अजून आहे, मग क्लियर."

"प्रत्येकाला एक?"

"प्रत्येकाला. त्याशिवाय रेसमध्ये अलाउच करत नाहीत."

"म्हणजे कंडक्टरच की!" ते म्हणाले. मग त्यांनी हेडफोन काही केल्या परत दिला नाही. कोण जिंकलं, हेही विचारलं नाही.

गर्दी उठू लागली तरी ते बसूनच होते. "एवढे तरबेज लोक, पण त्यांनाही माणूस लागतो," ते म्हणाले. "तुझी आई डावीकडे बसून सांगायची. रिक्षा आहे हो, सायकल आहे हो. मला दिसतंय म्हणून मी तिच्यावर खेकसायचो. दिसत नव्हतं गं. डावा डोळा दोन वर्षांपासून अधू झालाय."

पाठ केलेल्या भाषणाची मला लाज वाटली. दोन्ही पोचे एकाच बाजूला का, एवढंसुद्धा विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी फक्त वय मोजलं होतं.

"गाडी काढून टाकू," तेच म्हणाले.

"मग तिकडे फिरणार कसे?"

"बसने. तिथे कंडक्टर असतो."

पार्किंगमधून बाहेर पडताना गाड्यांची लांबच लांब रांग लागली होती. मला उजवीकडच्या रांगेत शिरायचं होतं. माझ्या उजव्या हाताला बसलेले आप्पा खिडकीकडे वळले आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच माझ्या गाडीत बोलले.

"ट्रक आहे. अजून आहे. अजून आहे... क्लियर."

मग बोटाच्या पेराने त्यांनी डॅशबोर्डवर दोनदा टकटक केलं, घाटात कंडक्टर बस सोडायला दोन घंटा देतो तसं. मी गाडी काढली.