भासऱ्यांचे सात पट्टे

आमच्या भासऱ्यांएवढा खरं धरून बसणारा आणि त्या खरेपणानं दुसऱ्याचं डोकं पेटवणारा माणूस मूल गावापासून चामोर्शीपर्यंत सापडायचा नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी तोंडानं बोलायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून डोक्यावर पदर घेऊन गोठ्यातल्या म्हशीला सांगायची, "जेवाले बसा म्हणावं." भासरेही म्हशीलाच उत्तर द्यायचे, "भाजीत मीठ कमी हाय म्हणावं." त्या म्हशीनं माझं जेवढं ऐकलं तेवढं माझ्या नवऱ्यानं ऐकलं नाही.

एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले आणि भासरे मोबाईलवरच्या नकाशाच्या नादी लागले. तो नकाशा म्हणे जगभरचे लोक मिळून फुकटात बनवतात. भासऱ्यांनी त्यात आमच्या वस्तीचा हँडपंप टाकला आणि पुढे लिहिलं, पाणी येत नाही. सरपंच घरी येऊन रागावले. भासरे म्हणाले, "पाणी आणा, आत्ताच बदलवतो." हे मला आवडलं होतं. पण एकदा माझ्या वाळत घातलेल्या मिरच्यांवरून चालत अंगण मोजू लागले, तेव्हा मी म्हशीला चांगलंच सुनावलं.

मग शाळेच्या पोरींनी शाळेपुढच्या डांबरी रस्त्यावर सात रंगांचे पट्टे काढले. जांभळा माझ्या मुलीचा. राईस मिलचे ट्रक तिथून सुसाट जातात, निदान रंग बघून तरी थांबतील म्हणून. भासऱ्यांनी त्याच दिवशी नकाशावर टाकलं: रस्ता ओलांडायची जागा, खुणा इंद्रधनुष्याच्या. कुण्या परदेशातल्या माणसानं ते खोडलं. त्याचं म्हणणं, ओलांडायची जागा काळीपांढरी असते, हे नुसतं चित्र. झालं! भासरे ताटातलं वरण थंड करून एका बोटानं टाइप करत बसायचे आणि म्हशीवर ओरडायचे, "जागा एक गोष्ट, खुणा दुसरी! दोन्ही येगयेगळं लिवाचं अस्ते!" माझा जीव जळायचा. इकडे पोरी दप्तर छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभ्या, एकही ट्रकवाला ब्रेकला पाय लावत नाही, आणि हे त्या रंगाला काय म्हणायचं यावर भांडतात! शेवटी भासरे जिंकले. जिलेबी आणली. म्हशीलाही दिली.

ट्रकांच्या चाकांनी पट्टे हळूहळू खाऊन टाकले. एके सकाळी ट्रकाच्या मागं लोंबणारा दोर माझ्या मुलीच्या सायकलीत अडकला आणि ती नालीत फेकली गेली. मी तिच्या गुडघ्याला हळद लावत होते, तेव्हाच भासरे म्हशीला म्हणाले, "पट्टे पुसले. ते सारं नकाशावरून काढून टाकलो म्हणावं. जमिनीवर नाई ते नकाशावर नाई."

माझ्या हातातली हळद तशीच राहिली. त्यांना काय म्हणून हाक मारायची हेही मला माहीत नव्हतं, कारण कधी मारलीच नव्हती. हाक न मारताच बोलले.

"पट्टे गेले, पोरी गेल्या का? पोरी अजून तिथूनच जाते. त्या दिसत नाई का तुमाले जमिनीवर? जागा एक, खुणा दुसरी, असं तुमीच बोंबलत होते ना? मंग खुणेसंगं जागा काऊन काढली?"

पदर खांद्यावर आला होता. भासऱ्यांनी म्हशीकडे बघितलं. म्हैस रवंथ करत होती. मग माझ्याकडे न बघता, पण मलाच म्हणाले, "चुकलो, बाई."

त्यांनी ती जागा नकाशावर परत टाकली. खुणा नाहीत, असं पुढे लिहिलं. मग पेटीतून खाकी शर्ट आणि शिट्टी काढली आणि शाळेच्या वेळेला भर रस्त्यात जाऊन उभे राहिले. करकचून ब्रेक लागला. ट्रकवाला शिव्या देऊ लागला तर म्हणाले, "तिकीट फाडू का तुयं?" आणि पोरींना, "चला, पुढं सरका, पुढं जागा हाय!" पोरी हसत हसत पलीकडे गेल्या. त्यानंतर रोज.

यंदा त्यांचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. रस्ता अजून काळाच आहे. पंचायत म्हणते शाळेनं रंगवावा, शाळा म्हणते पंचायतीनं. ट्रक कुणाचंच ऐकत नाहीत. माझा राग तसाच आहे, पण भासऱ्यांवरचा कधी उतरला ते कळलं नाही. जाताना ते गोठ्याच्या खुंटीला शिट्टी अडकवून गेले. म्हशीला म्हणाले, "इथी ठेवली म्हणावं."

आता शाळेच्या वेळेला मी जाते. डोक्यावर पदर घेते, कारण लाज वाटतेच. ट्रकवाल्याला काय म्हणून हाक मारावी ते मला सुचत नाही. मी शिट्टी वाजवते.