सारिकाला न केलेला फोन

प्रशांतला हे माहीत नाही. माझ्या आईला नाही, कामावरच्या मैत्रिणींना नाही. ज्या दोघींना कळायला हवं होतं, त्यातली एक आता राहिली नाही आणि दुसरीसमोर माझं तोंड उघडत नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हेच बरं आहे.

कुठून सुरू करू? वैतागापासूनच करते, कारण त्या वर्षी माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

प्रशांतला अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही बार्शी सोडून इथे आलो. बुवापाड्यात एक खोली आणि एक स्वयंपाकघर. सोबत सासूबाई. बार्शीला मी चार वर्षं एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट लिहायचे — हातातलं काम होतं ते माझ्या. मला वाटलं, आता मुंबईच्या एवढं जवळ आलोय, महिन्याभरात कुठेतरी चिकटेन. नऊ महिने गेले. नऊ महिने मी पहाटे पाचला उठून पाणी भरत होते, डबा करत होते आणि मग फोनकडे बघत बसत होते.

बरं, फोन यायचे नाहीत असं नाही. यायचे. पण आमच्या घरातल्या सणांचं आणि त्या फोनचं काय साटंलोटं होतं कुणास ठाऊक. पाडव्याच्या दिवशी बोलावलं — घरात कल्याणचे मामा आणि त्यांची सगळी फौज जेवायला. वटपौर्णिमेला बोलावलं — उपास, पूजा आणि शेजारणी. नागपंचमीला बदलापूरच्या एका हॉस्पिटलने बोलावलं, तर सासूबाई म्हणाल्या, आज चिरायचं नाही, तळायचं नाही, सुई टोचायच्या कामाला कुठे निघालीस? मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला तर जागा भरलेली. आणि जिथे गेले तिथे काय? उल्हासनगरात एका लॅबच्या मॅडमनी माझा कागद बघितला, मंगळसूत्र बघितलं आणि म्हणाल्या, "आप लोगों के त्योहार बहुत होते हैं. छुट्टी मांगोगी." मी घरी सणांपायी इंटरव्ह्यू सोडत होते आणि बाहेर सणांपायीच मला कुणी घेत नव्हतं. हसावं की डोकं आपटावं?

हे सगळं का सांगते? तुम्हाला माझी कीव यावी म्हणून नाही. त्या दिवशी मी किती वैतागले होते ते कळावं म्हणून. पण वैतागलेलं कोण नसतं? वैतागलेल्या सगळ्याच बायका असं करतात का?

आता सारिकाचं सांगायला हवं.

सारिका माझी नणंद, प्रशांतची धाकटी बहीण. बदलापूरला राहते. तिने जातीबाहेर लग्न केलं, आपल्या मनाने. नवरा रिक्षा चालवतो, माणूस म्हणून सोनं आहे. पण सासूबाईंनी तिचं नाव टाकलं. घरात तिचा फोटो नाही, तिचा विषय नाही. फोन करायचा नाही, तिचा आला तर घ्यायचा नाही. प्रशांतला असल्या गोष्टींत पडायला नको असायचं. भाऊबीजेला तो एकटा बदलापूरला जायचा, ओवाळून घ्यायचा, जेवायचा आणि परत यायचा. घरी आल्यावर कुणी विचारायचं नाही, तोही सांगायचा नाही.

म्हणजे दोन्ही बाजूंशी बोलणारी एकटी मी. सारिका मला दुपारी फोन करायची. आई कशी आहे, गुडघे दुखतात का, माझं नाव काढते का? मी सांगायचे. मला आवडायची ती. फटकळ होती — मनात येईल ते तोंडावर. त्या नव्या गावात मोकळेपणाने हसायला तीच एक होती.

त्या वर्षी सासूबाईंनी ठरवलं, गौरी इथेच बसवायच्या. आजवर गौरी जामखेडजवळच्या गावी, माझ्या थोरल्या दिरांकडे बसायच्या. ते घर आता बंद झालं होतं. गणपतीच्या आधी सासूबाई मुखवटे आणायला चार दिवस गावी गेल्या. त्या नाहीत म्हणून सारिका दोन दिवस माझ्याकडे येऊन राहिली. आईच्या गादीवर झोपली. मला तेव्हाच पाळी आली होती. मेडिकलमधून पॅड तिनेच आणून दिले, गरम पाण्याची पिशवीही भरून दिली. हे लक्षात ठेवा. सगळं यावरच अडलं.

गौरी आल्या. दारापासून आतपर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढली, सासूबाईंनी मुखवटे हातात घेतले आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसं कुणी लांबून चालत घरी आलंय. दुसऱ्या दिवशी जेवण. मामांकडचे, कंपनीतले दोघं-तिघं, शेजारचे. पुरणपोळी, सोळा भाज्यांची एक भाजी, कढी, वडे, पंचामृत. करणाऱ्या आम्ही दोघी.

आणि गौरी आल्या त्याच दुपारी फोन वाजला. उल्हासनगर, कॅम्प चार. चांगली मोठी लॅब. उद्या अकरा वाजता या, डॉक्टर फक्त उद्याच आहेत.

मी सासूबाईंना विचारलं. खोटं नाही सांगत, आधी सरळ विचारलं. त्या कणीक चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, नोकऱ्या रोज असतात, गौरी वर्षातून एकदा. झालं. विषय संपला. मी आत जाऊन भाज्या निवडायला बसले आणि शेंगा कचाकच मोडत सुटले. रडू येत नव्हतं. राग होता. मी स्वतःशी म्हणत होते की हे घर मला गिळणार आहे, सणासणाने, एकेक घास करून.

दिवेलागणीला मी बाहेर आले आणि म्हटलं, "आई, मला अडचण आली."

इतकं सोपं होतं. आमच्या घरात पाळी आली की स्वयंपाकघर बंद, देव बंद. गौरी असताना तर त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. मला ठाऊक होतं की यावर कुणी काही विचारूच शकत नाही. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग पाटावर बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून. रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बाईच्या जातीला इलाज नाही. इथे नुसती बसून काय करशील, जा मग उद्या तुझ्या कामाला.

इथपर्यंतचं मला पचलं असतं. खोटं बोलले, इंटरव्ह्यूला गेले. पुढे कधीतरी हसत हसत सांगितलंही असतं. पण सासूबाई बसल्या होत्या त्या उठल्या नाहीत. गौरींकडे बघत बसल्या. बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता बोलल्या.

"सारिकाला फोन कर. माहेरवाशीण आहे. उद्या सकाळी ये म्हणावं, आईने बोलावलंय."

आईने बोलावलंय. चार वर्षांत पहिल्यांदा. आणि लक्षात येतंय का — माझ्या खोट्यामुळे! मी धडधाकट उभी असते तर त्या कधीच वाकल्या नसत्या. त्यांना हात हवा होता, आणि हाताच्या निमित्ताने त्यांना लेक हवी होती. स्वतः फोन करायची लाज वाटत होती, म्हणून मला सांगितलं.

मी फोन घेऊन जिन्यात गेले. सारिकाचा नंबर काढला. आणि मला दिसलं की ती उद्या सकाळी येणार, धावत येणार, दारातच विचारणार, वहिनी कुठेय? सासूबाई सांगणार, तिला अडचण आलीय. आणि ही फटकळ पोरगी तिथल्या तिथे बोलून जाणार: परत? आत्ता दहा-बारा दिवसांपूर्वी तर आली होती. त्यावर सासूबाई विचारणार, तुला गं काय माहीत? मग ती इथे येऊन राहिली होती तेही निघणार. सगळंच निघणार.

तिला आधीच सांगून ठेवता आलं असतं ना? अगं, मी खोटं बोलले आहे, सांभाळून घे. ती पोट धरून हसली असती आणि सांभाळलंही असतं. मला हे तेव्हा सुचलं नाही असं मी स्वतःला खूप वर्षं सांगत आले. सुचलं होतं. पण ती विसरली तर, बोलून गेली तर — तेवढीसुद्धा जोखीम मला घ्यायची नव्हती. एका सकाळचा प्रश्न होता. मला माझी ती सकाळ हवी होती.

मी फोन लावला नाही. जिन्यात थोडा वेळ उभी राहिले. बोलायला जेवढा वेळ लागला असता तेवढा. मग दारातूनच सांगितलं, तिला जमणार नाही.

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाली?"

इथेही थांबता आलं असतं. फोन लागला नाही, म्हणता आलं असतं. पण मी म्हटलं, "सासरी गौरी आहेत म्हणाली. आता तेच माझं घर, म्हणाली."

ते दुसरं वाक्य मी कुठून आणलं? कुणी मागितलं होतं? खोटं खरं वाटावं म्हणून मी त्याला धार लावली, एवढंच. सासूबाई "बरं" म्हणाल्या. उठल्या आणि डाळ भिजवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मला नोकरी लागली. अजून तीच आहे. दुपारी परत आले तर पंगती उठल्या होत्या. शेजारच्या सिंधी काकींनी पोळ्या लाटून दिल्या होत्या, बाकी सगळं सासूबाईंनी एकटीने केलं होतं. त्या भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघे सुजलेले. मला म्हणाल्या, झालं का तुझं काम? मी हो म्हटलं. त्यांनी गौरींकडे बघून हात जोडले. माझ्यासाठी.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी सारिकाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, या वर्षी गौरी पहिल्यांदा इथे आल्या ना, मला आपलं वाटलं होतं आई बोलावेल. मूर्खच आहे मी. मी म्हटलं, अगं, पाहुणे फार होते, त्यांच्या मनात असेल. ती म्हणाली, मनात असतं तर तोंडात आलं असतं.

मी तिला जेवलीस का विचारलं.

पुढच्या भाऊबीजेला प्रशांत तिच्याकडे गेला, तेव्हा तो परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. काही निघालं नाही. माणसं दुखावली की त्या विषयाला हात लावत नाहीत, हे मला तेव्हा कळलं, आणि मी त्याचा आधार घेतला. पुढच्या वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी मी धीर करून सासूबाईंना विचारलं, सारिकाला बोलवू का? त्या म्हणाल्या, "एकदा बोलावलं. आता नाही." माझे हात पिठात होते. त्या क्षणी बोलायला हवं होतं. एक वाक्य. मी पीठ मळत राहिले. त्यानंतर पाच वेळा गौरी आल्या. बुवापाडा सोडून आम्ही शिवमंदिराजवळ फ्लॅट घेतला, तिथेही आल्या. मी मात्र पुन्हा विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. दोन दिवसांत. सारिकाला प्रशांतने कळवलं, ती पोचली तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. पायाशी बसून राहिली. पाय दाबत राहिली — ज्यांना काही कळत नव्हतं ते पाय. मी पडद्याजवळ उभी होते.

तेराव्याला माणसं जेवून गेल्यावर आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो. भांडी आवरत होतो. ती मधेच थांबली आणि माझा हात धरला. म्हणाली, "आईने शेवटपर्यंत बोलावलं नाही मला. पण वहिनी, तू होतीस म्हणून या घराशी माझं काहीतरी राहिलं. तू एकदाही तोडलं नाहीस."

तिचे हात ओले होते. मी तिच्याकडे बघितलं. आणि मान हलवली. जणू हो, एवढं मी केलं.