शाडूचं राजघराणं

आमच्या व्याह्यांइतका देवगिरीच्या यादवांचा कैवार खुद्द यादवांनीही घेतला नसेल. सारा जन्म सुरतेत, लिंबायतच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेला, त्यामुळे ते बोलतात वरच्या पट्टीत, आणि बोलतात ते फक्त या राजांबद्दल. लग्नात अक्षता पडायच्या आत यांचं भाषण सुरू. रिक्षावाल्याने "कुठे जायचं?" विचारलं, तरी "आमना खान्देशवर यादवस्नं राज्य व्हतं" हे आधी ऐकवतात; तो बिचारा ओडिशाचा, मान डोलावतो.

हे वेड वाढलं ते आमच्या नातीमुळे. तिला कुणी "तू कुठली?" म्हटलं, की "अमे तो सुरतना" असं गुजरातीत म्हणून ती मोकळी. मी हसलो. व्याही मात्र त्या दिवशी ताटावरून अर्धपोटी उठले. "आपण सुरतले पोट भराले उनूत, भाऊ. पोरले आपलं मूळ नको का मालूम?"

मग त्यांनी अख्ख्या घराण्याचं एकच शिल्प करायला घेतलं. शाडूचं. सगळे राजे एकाच सिंहासनावर, शेअर रिक्षात बसतात तसे दाटीवाटीने. राजांचे चेहरे पाहिलेत कुणी? म्हणून थोरल्या राजाला कारखान्यातल्या मुकादमाचं नाक मिळालं आणि धाकट्याला माझं टक्कल. कायमची जागा कुठेच मिळेना, तेव्हा गल्लीच्या मंडळाने मांडवात गणपतीशेजारी दिली. व्याही इतके हरखले, की पहिल्याच संध्याकाळी त्यांनी राजांना स्वतः हळद-कुंकू वाहिलं, आरती ओवाळली.

तिथेच घात झाला. अनंत चतुर्दशीला पोरांनी गणपतीबरोबर राजेही ट्रॅक्टरवर चढवले. व्याही चाकापुढे उभे राहिले.

"काका, तुमीच हळद-कुकू वाह्यं," मंडळाचा अध्यक्ष म्हणाला. "पुजेल मूर्ती कोनी ठेवतस का?"

गल्लीतल्या म्हाताऱ्यांनीही तेच सांगितलं. जन्मभर त्यांनीही हीच रीत पाळलेली. बाजूला झाले. इतका खचलेला माणूस मी पाहिला नव्हता.

कृत्रिम तलावात घराणं बुडत होतं आणि लोक राजांनाही "पुढच्या वर्षी लवकर या!" म्हणून ओरडत होते. माझं टक्कल तेवढं जरा वेळ वर राहिलं. मग तेही गेलं.

नातीने व्याह्यांचा सदरा ओढला. "दादा, राजा क्यां गया?"

"गावले गयात, माय."

"कया गाम?"

यादवांवर तासन्‌तास बोलणारा तो माणूस, कुठलं गाव ते सांगायचं सोडून, माझ्याकडे बघू लागला. मी खाली मान घातली. पोरीला आम्ही दोघांनी अजून एकदाही गाव दाखवलेलं नाही.