सीडीवरचं कुंकू

परवा दसऱ्याला लॅपटॉपला हळदीकुंकू लावताना उदबत्तीचा वास आला आणि मी थेट राजुरीच्या काकूंच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो.

तोही दसराच होता. कॉम्प्युटर सुरू होत नव्हता, म्हणून मी त्याच्यासोबत आलेली सीडी घालून रिपेअर चालवत होतो. दर वेळी अर्ध्यावर तीच एरर यायची, फाइल वाचता येत नाही.

"काकू, फॉरमॅट मारावं लागेल. आतलं सगळं जाईल."

"नको रं बाबा. त्यात ह्यांचा आवाज हाय."

काका जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा आवाज मुलाने कधीतरी गंमत म्हणून माइकवर भरून ठेवला होता.

मी सीडी बाहेर काढली, तर चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाची ठसठशीत बोटं!

"सकाळी पूजा केली," काकू म्हणाल्या. "कॉम्प्युटरचं अवजारच न्हाई का ते?"

ओल्या फडक्याने पुसून सीडी पुन्हा घातली. या वेळी रिपेअर शेवटपर्यंत गेलं. मी ती फाइल उघडली.

"अगं, च्या ठेव. पावणं आल्यात," काका म्हणाले.

काकूंनी पटकन डोक्यावर पदर घेतला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. तेव्हा मला वाटलं, चहा माझ्यासाठी ठेवतायत.