औषध पाजलंय

सकाळी फिरायला जातो त्या वाटेवर कांद्याचं वावर आहे. पाठीला पंप लावून कुणी औषध मारत असलं, की तो उग्र, लसणासारखा वास नाकात शिरतो आणि माझे पाय मंदावतात. आमच्या राहुरीकडं कीटकनाशक असं कुणी म्हणत नाही. पिकावर मारतात तेही औषध, तापात घेतात तेही औषध. आणि अमक्यानं औषध घेतलं, असं कुणी आवाज उतरवून सांगितलं, की पुढचं विचारायचं नसतं. या शब्दानं नव्वदच्या दशकात माझ्या हातून एक पाप करवलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. शब्दानं कशाला करवलं असेल, मीच केलं.

तेव्हा माझं नवं लग्न झालेलं. आमच्याकडं एक करडी मांजरी होती, सदा भुकेली, पोट नगाऱ्यासारखं आणि पाठ मात्र काटकुळी. भिंतीपलीकडं एक कुटुंब नव्यानं राहायला आलं होतं. नवरा गुरांच्या सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आळीत तेवढ्या एकाच घरात. मांजरीनं दोनदा त्यांचं दूध सांडलं, तेव्हा त्या घरच्या बाई नुसत्या हसल्या होत्या. मला ते हसणंही साधं वाटलं नाही. संशयाला बसायला माझ्या मनात जागा आधीच सारवून ठेवलेली होती, हे कबूल करायला फार उशीर लागला.

एका दुपारी त्या भिंतीवरून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मांजरीला औषध पाजलंय बरं का. आता न्हाई यायची ती माझ्या दुधावर." आणि हसत आत गेल्या. ओसरीत पाहतो तो मांजरीच्या तोंडातून फेस गळत होता.

औषध प्यालेल्या माणसांना मीठपाणी पाजून ओकायला लावताना मी गावी पाहिलं होतं. तेच सुचलं. बायकोनं तिला टॉवेलात गुंडाळून धरलं, पण ती सारखी म्हणत होती, "अहो, आधी त्यांना इचारा तरी, काय पाजलंय ते."

"विष घालणारी खरं सांगंल व्हय?" मी म्हणालो, आणि जबडा फाकवून मिठाचं दाट पाणी ओतत राहिलो. ती गुदमरली, खोकली, नाकातून पाणी आलं, तरी थांबलो नाही. शेवटी ओकली. ती ओकारी पुरावा म्हणून कागदात बांधली. दवाखान्यात त्यांचा नवरा, म्हणून मांजरीला काखेत घेऊन मुद्दाम दुसऱ्या डॉक्टरांकडं निघालो. वाटेत भेटेल त्याला पुडी दाखवत, बाईंचं नाव घेत.

डॉक्टरांनी काडीनं कागद उलगडला. शेवयांसारखे पांढरे जंत होते.

"जंताचं औषध दिलंय कुणीतरी. बरं केलं," ते म्हणाले आणि मांजरीच्या छातीला नळी लावली. "कडू लागलं की मांजर फेस काढतंच. पण हे पाणी कुणी पाजलं? छातीत गेलंय."

तिसऱ्या दिवशी मांजरी गेली. आळीनं मात्र बाईंनीच तिला मारलं असं ठरवून टाकलं होतं, आणि मी ते खोडलं नाही. त्यांच्या घरचं ताक कुणी घेईना. हळदीकुंकू चाललेल्या घरांसमोरून बाई बिनबोलावण्याच्या, मान खाली घालून जात.

एकदा त्या आमच्या दारात आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. भांडायला आल्या असतील, असंच मला वाटलं.

"भाऊ, खरं सांगा," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या औषधानं गेली का वो ती? जास्त झालं का माझ्या हातनं?"

बायको माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "काय सांगावं."

वर्षाच्या आत ते कुटुंब बदलीवर भंडारदऱ्याकडं गेलं. आळीही सगळं विसरली. तिच्या लेखी ते एक मांजर होतं. बाई आता म्हाताऱ्या झाल्या असतील. दारात एखादं मरतुकडं पिल्लू आलं, तर त्याला जवळ घ्यायला पुढं केलेला त्यांचा हात अजूनही मध्येच थबकत असेल. ते थबकणं मी त्यांना दिलेलं आहे.