लसीवर बोललो मी, दम लागला तिला

"इन्फ्लुएन्झा ए, एच वन एन वन, पॉझिटिव्ह." डॉक्टरांनी मोबाइलवरचा रिपोर्ट वाचला आणि मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. "म्हणजे लोक ज्याला स्वाइन फ्लू म्हणतात तो. आता तो दरवर्षी येणाऱ्या फ्लूपैकीच एक झालाय. घाबरू नका, पण हलक्यातही घेऊ नका. यांना जुना दमा आहे. फ्लूची लस घेतली होती का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. का नाही, ते विचारलं नाही, आणि मी सुटलो.

मी तीस वर्षं पारशिवनीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. लस शरीरात काय करते हा धडा इतक्या वेळा शिकवला, की झोपेतून उठवलं तरी फळ्यावर आकृती काढून दाखवीन. निवृत्तीनंतर सक्करदऱ्यात राहतो. पत्नी रत्नमाला सत्तावन्न वर्षांची, लहानपणापासून दमेकरी. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा जुना दमेकरी असेल आणि त्याच घरात माझ्यासारखा एखादा शहाणाही असेल, तर हे त्यांच्यासाठी लिहितो आहे. थकलो आहे, तेव्हा सजवून लिहिणं जमणार नाही.

आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर रविवारी कुणी ना कुणी बोलतं. यंदा महिला मंडळानं फ्लूच्या लसीचं शिबिर ठरवलं. घरोघर फिरून नावं लिहून घेतली. रत्नमालानं आपलं नाव पहिल्याच दिवशी दिलं. शिबिराच्या आधीच्या रविवारी वस्तीतल्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई माहिती द्यायला येणार होत्या. दुसरी बाजूही कुणीतरी मांडावी असं मीच सुचवलं, आणि मांडायला मीच उभा राहिलो.

आमच्या घरात आजोबांपासून, म्हणजे छप्पनच्या दीक्षेपासून, एक शिस्त आहे. कुणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मान डोलवायची नाही, तपासून घ्यायचं. ह्याच शिस्तीपोटी आजोबा देवीच्या साथीत दारोदार फिरले होते. हा कोप नाही, रोग आहे, टोचून घ्या, असं लोकांना सांगत. त्याच आजोबांचं नाव घेऊन मी माइक हातात धरला.

काय बोललो? विषाणू दरवर्षी रूप बदलतो. लस आधीच बनवतात, अंदाजानं. अंदाज चुकला तर? दर थोड्या दिवसांनी टीव्हीवर एखादा नवा विषाणू येतो, त्या भीतीवर कुणाचं दुकान चालतं? करोनाच्या वेळी सांगितलेल्या किती गोष्टी नंतर बदलल्या? ह्यातला एकही प्रश्न खोटा नव्हता, हे मी आजही म्हणतो. टाळ्या तर अशा पडल्या की शाळेत निरोप समारंभालाही पडल्या नव्हत्या.

शिबिराच्या यादीतली बरीच नावं नंतर कमी झाली. रत्नमालाचंही. मी तिला त्याबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. तिलाही आपलं म्हणणं पटलं, असं समजून मी मनातल्या मनात खूश झालो.

दुखणं सप्टेंबरात आलं. रविवारी सकाळी तिला कणकण होती, दुपारपर्यंत सडकून ताप. "अंग असं ठणकून राह्यलं, जसं कोणी बडवलं," म्हणाली. सोबत कोरडा खोकला. तापाची गोळी आणि तिचा नेहमीचा पंप ह्यावर आम्ही तीन दिवस काढले. पावसाळ्यात हे चालायचंच, असं मी म्हणालो. ही माझी दुसरी चूक, आणि वैद्यकीयदृष्ट्या कदाचित पहिलीपेक्षा मोठी. फ्लूवर ओसेल्टामिविर नावाचं औषध आहे. ते विषाणूची वाढ रोखतं, पण पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर त्याचा उपयोग जास्त. दमेकरी माणसाला पावसाळ्यात किंवा थंडीत एकदम ताप भरला, तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

बुधवारी ती स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली आणि दूधवाल्याला दोन शब्द सांगताना मधेच थांबली. वाक्य पुरं होईना. करोनात घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र शोधलं, त्यात सेल घातले. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात प्राणवायू किती भरला आहे त्याचा आकडा, एकोणनव्वद. धडधाकट माणसाचा पंच्याण्णवच्या वर असतो. यंत्र जुनं झालं असेल म्हणून मी ते माझ्या बोटाला लावून पाहिलं. अठ्ठ्याण्णव.

ऑटोत ती सगळा वेळ पुढे वाकून बसली होती. हॉस्पिटलात नाकातून काडी घालून नमुना घेतला, तो आरटी-पीसीआर तपासणीसाठी. त्यातून नेमका कुठला विषाणू ते कळतं. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर पांढरे ढग होते. औषध रिपोर्टची वाट न बघता सुरू केलं. गुरुवारी रिपोर्ट आला, तो प्रसंग वर सांगितलाच आहे.

शुक्रवारी तिला बायपॅप लावलं. नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखवटा, त्यातून यंत्र जोरानं हवा आत ढकलतं. तिला तो सहन होत नव्हता. हातानं ओढून काढायची, सिस्टर परत लावायची. शनिवारी सकाळी डॉक्टरांनी मला बोलावलं. "ह्या थकल्या आहेत. श्वास घेण्याचं काम आता मशीनला देऊ. नळी टाकून व्हेंटिलेटर. सही लागेल."

मी आयुष्यभर सही करण्याआधी कागद वाचला आहे. तो वाचला नाही. अक्षरं दिसतच नव्हती.

पुढचे सहा दिवस सारखेच होते. सकाळी अकराला पाच मिनिटं आत जाऊ देत. गाऊन, मास्क, टोपी. ती झोपेच्या औषधाखाली, कधी पालथी. पालथं झोपवण्याला प्रोनिंग म्हणतात. त्यानं फुप्फुसांचा मागचा भाग मोकळा होतो. पहिल्यांदा मला तिचं तोंड दिसलंच नाही, फक्त वेणी दिसली. कुठल्यातरी सिस्टरनं ती नीट घातली होती. त्या सिस्टरचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

उरलेला दिवस वेटिंग हॉलमध्ये. निळ्या खुर्च्या, भिंतीवर टीव्ही. टीव्हीवर कुठल्यातरी नव्या विषाणूची चर्चा चाललेली, चार चौकटींत चार माणसं, सगळे एकदम बोलणारे. हॉलमधलेही बोलायचे. एक गृहस्थ रोज सांगायचे की हा सगळा औषध कंपन्यांचा खेळ आहे. त्यांची आई आत होती. दुसरे त्यांना म्हणायचे, तुमच्यासारख्यांमुळेच रोग पसरतात. त्यांचा भाऊ आत होता. मी दोघांचंही ऐकायचो आणि खिडकीतून पार्किंगकडे बघत बसायचो.

विहाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमचीच चर्चा होती. एकानं लिहिलं, लस नाकारणाऱ्या सरांच्याच घरी पाहा काय झालं. दुसऱ्यानं लिहिलं, करोनाचे दोन डोस घेतले म्हणूनच वहिनींची छाती कमजोर झाली. दोघांनाही रत्नमाला पुरावा म्हणून हवी होती. तिसऱ्यानं मला थेट विचारलं, सर, आता तुमचं मत काय? मी फोन बंद करून ठेवला. मुलगी बंगळुरूहून निघायच्या गडबडीत होती, तिचे फोन देवानंदच्या फोनवर येऊ लागले.

देवानंद म्हणजे रत्नमालाचा धाकटा भाऊ, खाप्याला राहतो. रोज सकाळच्या बसनं डबा घेऊन यायचा. व्हेंटिलेटरच्या तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, "तुझ्या ताईनं स्वतःच नाव कापलं रे. मी तिला काही म्हटलं नव्हतं."

तो डब्याचं झाकण लावत होता. लावून झाल्यावर म्हणाला, "भाऊजी, मी तिले फोनवर विचारलं होतं, काहून नाव कापलं वं? तर म्हणे, यायनं माइकवर बोलून टाकलं. आता मी लाइनीत उभी राह्यली तर लोकं यायले हासतीन."

मग त्यानं खिशातून फोन काढला. विहारातल्या त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ खाप्यापर्यंत पोचला होता. त्यात माझं भाषण होतं, टाळ्या होत्या आणि नंतर डॉक्टरबाईंचं उत्तर होतं. बाई शांतपणे सांगत होत्या, की सरांचे प्रश्न बरोबर आहेत. लस अंदाजानंच बनते. ती घेऊनही फ्लू होऊ शकतो. पण दमेकरी, मधुमेही, गरोदर बाया, म्हातारी माणसं ह्यांना आयसीयूपर्यंत जाण्यापासून ती पुष्कळदा वाचवते, आणि आमचा आग्रह तेवढ्यासाठीच आहे. त्यांच्या बाजूला मी दिसत होतो, मान खाली घालून. कागदावर पुढचा प्रश्न लिहीत होतो.

हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकत होतो. माझ्यापासून दोन हातांवर ते दिलं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आयसीयूच्या डॉक्टरांना गाठलं. "लस घेतली असती तर हे झालं नसतं ना?"

ते थकलेले होते. भिंतीला टेकून म्हणाले, "काका, यांच्या बाबतीत मी शपथेवर सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकणार. अशा पेशंटवर इथं येण्याची पाळी कमी येते, एवढं सांगतो."

मला हो किंवा नाही हवं होतं. हो म्हणाले असते तर स्वतःला शिक्षा करून मोकळा झालो असतो. नाही म्हणाले असते तर नुसताच मोकळा झालो असतो. दोन्हींपैकी काहीच मिळालं नाही. असाच परत येऊन निळ्या खुर्चीवर बसलो.

सहाव्या दिवशी नळी निघाली. घसा सुजलेला, आवाज बसलेला. पहिल्यांदा तिनं माझ्याकडे बघून जे विचारलं ते मला दोनदा वाकून ऐकावं लागलं. "जेवले का?" मी तिथेच रडलो. सिस्टरनं बाहेर काढलं.

पुढचा आठवडा वॉर्डमध्ये गेला. मग घर. बरं होणं म्हणजे काय हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. केस मुठीनं गळतात. संडासापर्यंत जाऊन आल्यावर अर्धा तास पडून राहावं लागतं. स्पायरोमीटर नावाचं एक यंत्र देतात. नळीतून श्वास आत ओढला की त्यातल्या तीन प्लास्टिकच्या गोळ्या वर उचलल्या जायला हव्यात. रत्नमालाची एकच उचलली जायची, तीही अर्धी. बंगळुरूहून आलेली मुलगी टाळ्या वाजवायची, रत्नमाला चिडायची. पेशंट सुटला म्हणजे सगळं सुटलं असं नाही. घरातल्यांनी आपलं जेवण आणि झोप सांभाळावी. मी सांभाळली नाही आणि शेवटी मलाही सलाईन लागलं.

महिनाभरानं विहारातून निरोप आला. शिबिर पुन्हा घेतोय, सरांनी अनुभव सांगावा. मी गेलो. ह्या वेळी कागद नेला नाही. म्हणालो, मी प्रश्न विचारले ह्याबद्दल मला वाईट वाटत नाही, उत्तर ऐकलं नाही ह्याबद्दल वाटतं. माझ्यामुळे ज्यांनी नावं कापली त्यांनी आता माझ्यामुळे परत लिहू नयेत. डॉक्टरबाई समोर बसल्या आहेत, त्यांना विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. टाळ्या वगैरे काही झालं नाही. चार-पाच बाया उठून बाईंच्या टेबलाकडे गेल्या, तेव्हा जरा हलकं वाटलं.

त्या हलकेपणातच घरी आलो. रत्नमाला पलंगावर उशीला टेकून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, काय बोललो, लोक कसे ऐकत होते, बाईंनी मला नमस्कार कसा केला. देवानंदकडून मला कळलं आहे, हेही सांगितलं. माफ कर म्हणालो. मनात आधी जुळवून ठेवलेली तीन-चार वाक्यं होती, ती सगळी म्हणालो.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साऱ्या दुनियेले प्रश्न विचारता तुम्ही. डॉक्टरले विचारले, कंपन्यायले विचारले. मले कधी विचारलं? तुले टोचून घ्यायचं आहे का म्हणून?"

चौतीस वर्षांच्या संसारात कशाकशाबद्दल विचारलं नव्हतं त्याची एक रांगच डोळ्यांपुढे उभी राहिली. "नाही विचारलं," मी म्हणालो.

"मंग आता विचारा."

मी विचारलं. एका वाक्यासाठी अजून तिला तीनदा थांबून श्वास घ्यावा लागतो. पूर्वी अशा वेळी मी तिचं वाक्य पुरं करून टाकायचो. ह्या वेळी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

"घ्यायची होती," ती म्हणाली. "भेव वाटत होतं मले. मागच्या थंडीत दम लागला होता, तवापासून." मग पुन्हा श्वास. "नाव देलं त्याच दिवशी सांगणार होती तुमाले. पण तुम्ही भाषण लिहून राह्यले होते."