अक्का ओसरीवर जेवली

मला पहिली शिसारी आली ती त्या फ्लेक्सची. उचगावला वळायच्या तोंडाशी पंधरा फूट उंच लावला होता. मधोमध माझा भाचा, गळ्यात स्टेथोस्कोप, हात जोडलेले, दात असे पांढरेशुभ्र की ते त्याचे नव्हतेच. खाली शुभेच्छुकांची पंचवीस-तीस तोंडं, निम्म्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. आणि वर, जिथं एरवी देव असतो तिथं, एक नऊवारीतली बाई. डोक्यावरून पदर, नजर कुठंतरी लांब. तिच्या ओठांना फ्लेक्सवाल्यानं गुलाबी रंग फासला होता आणि कपाळावर रुपयाएवढं लाल कुंकू चिकटवलं होतं.

ती बाई अकराव्या वर्षी विधवा झाली होती.

ती माझ्या आजोबांची थोरली बहीण. आमचं गाव मुरगूडच्या अलीकडं, आणि त्या सगळ्या पट्ट्यातली पहिली डॉक्टरीण तीच असावी. घरात तिला अक्का म्हणायचे. म्हणायचे म्हणजे काय, चुकूनमाकून तोंडातून निघालं तर. माझ्या जन्माआधीच ती गेली होती आणि लहानपणी तिच्याबद्दल मी जे ऐकलं ते एवढंच, की शिकली आणि एकटी मेली. आता अचानक ती पंधरा फुटांची झाली, कारण भाच्याचा बाळंतपणाचा दवाखाना निघणार होता आणि फ्लेक्सवर ‘वैद्यकीय सेवेची परंपरा’ लिहायला कुणीतरी मेलेलं माणूस लागत होतं.

मी भाच्याला फोन करून म्हटलं, ‘बाबा, निदान ते कुंकू तरी पूस.’

‘आत्ती, कोऱ्या कपाळाची बाई मॅटर्निटीच्या बोर्डवर बरी दिसंल का? पेशंटला कसं वाटंल?’

एमडी झालाय पोरगा. मी फोन ठेवला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला थोर समजायला नको. मला मूलबाळ नाही. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. कोल्हापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, पेन्शन आहे, गुडघे आहेत. पण हक्कानं चप्पल काढून आत जावं आणि ‘जेवलीस का?’ असं कुणी विचारावं असं दार एकच, उचगावला माझ्या थोरल्या भावाचं. दादाची शिरोलीला फाउंड्री आहे. दिवाळीचे चार दिवस मी त्याच्याकडं असते, भाऊबीजेला त्याला ओवाळते. माझं माहेर म्हणजे तेवढंच.

फ्लेक्स लागला त्याच आठवड्यात दादा पत्र्याची ट्रंक घेऊन माझ्याकडं आला. गावच्या घरातली ट्रंक. आत आजोबांच्या रोजनिशा, सगळ्या मोडी लिपीत. मी रिटायर झाल्यावर मोडी शिकायला गेले तेव्हा ह्याच दादानं ‘आता काय तलाठी होणार हायस काय?’ म्हणून हसून घेतलं होतं. आता म्हणाला, ‘तुला वाचता येतंय न्हवं? अक्काचं काय काय सापडतंय बघ. दवाखान्याच्या दारात पितळेची पाटी लावायची हाय. पंधरा-वीस ओळी दे. दिवाळी पाडव्याला उद्घाटन.’

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण घरातल्या कुणी माझ्याकडून कधी चार ओळी मागितल्या नव्हत्या.

आजोबा गावात मास्तर होते. अक्षर असं सुरेख की रोजनिशी नुसती बघत बसावं. ज्वारी कधी पेरली, म्हैस कधी व्याली, कोण पाहुणे आले, सगळं एकेका ओळीत. मला आजोबा चांगले आठवतात. मांडीवर घेऊन पाढे म्हणायला लावायचे आणि चुकले नाही तर गुळाचा खडा द्यायचे. त्यांच्या अक्षरात अक्का शोधायची म्हणून मी चष्मा पुसून हौसेनं बसले.

पहिल्यांदा सापडली ती अशी: ‘अक्का पुण्यास गेली. आईने डोईवरून अंघोळ केली. चूल पेटली नाही.’

मी ते तीनदा वाचलं. गेली म्हणजे डॉक्टरकी शिकायला गेली. मडमांच्या शाळेत आधी शिकली होती, त्यांनीच पुढं पाठवली. आणि तिच्या आईनं काय केलं, तर लेक मेल्यासारखी डोक्यावरून पाणी घेऊन मोकळी झाली.

पाच-सहा वर्षं तिचं नावच नाही. मग ती डॉक्टरीण होऊन परत येते, मुरगुडात भाड्याच्या खोलीत दवाखाना मांडते आणि मधूनमधून माहेरी येते. ‘अक्का आली. ओसरीवर जेवली.’ ‘अक्का आली. ओसरीवर जेवली. पाणी वरून दिले.’ पान उलटलं की पुन्हा तेच. म्हशीच्या वेताच्या खाली, पेरणीच्या वर. एकदा लिहिलंय, ‘अक्काने मुलांस खाऊ आणला. शिंपडून घेतला.’ म्हणजे बघा, तिच्या हाताचा विटाळ. कारण तो हात वेशीबाहेरच्या बाळंतिणींनाही लागायचा. पण पेढ्यावर चार थेंब पाणी शिंपडलं की पेढा चालायचा. बहिणीवर शिंपडायला मात्र ह्यांच्या विहिरीत पाणी नव्हतं!

मग माझ्या वडिलांचा जन्म. ती नोंद मी हातानं उतरवून काढली, म्हणून पाठच आहे. त्यातलं ‘घरात’ म्हणजे माझी आजी. ‘घरात तीन दिवस अडली. सुईणीने हात टेकले. अक्कास बोलावणे धाडले. गाडीने आली. मूल आडवे होते, फिरवून काढले. मुलगा. उभयतां सुखरूप. अक्कास गोठ्यात पान वाढले.’

आणि बाराव्या दिवशी: ‘बारसे झाले. गाव जेवले. अक्कास बोलावणे नाही. आईचे मत.’

आईचे मत! आणि तुमचं मत काय होतं हो मास्तर? तुमची बायको मरत होती, तिच्या पोटात हात घालून ज्या बाईनं तुमचा मुलगा जिता बाहेर काढला, ती हात धुऊन शेणामुतात जेवायला बसली, आणि तुम्ही आत येऊन दौत उघडून हे एवढ्या सुंदर अक्षरात लिहिलंत? एक अक्षर थरथरलेलं नाही. कुठं खाडाखोड नाही. मला राग आला असता तर बरं झालं असतं, रागात माणूस आपल्या माणसावर ओरडून तरी घेतं. मला किळस आली. शेजारीण खरवस देऊन गेली होती, ती वाटी तशीच उचलून सिंकमध्ये ओतली.

आणि चीड अक्काचीही आली, लपवत नाही. शिकलेली बाई, स्वतःचं कमावून खाणारी. का येत होतीस गं? कुणी बोलावलं होतं? खाऊ घेऊन, दर सणाला, त्या ओसरीवर पडलेलं तोंड घेऊन? मुरगुडात तुझी खोली होती की. आयुष्यभर आलीस. शेवटची नोंद सुद्धा तशीच आहे. ‘अक्का आली. प्रकृती बरी नाही. ओसरीवर जेवली.’ पुढच्या वहीत ती मेल्याची एक ओळ, की मुरगुडात वारली आणि दवाखान्यातल्या बाईनं सगळं केलं. आजोबा गेले होते की नाही, तेही लिहिलेलं नाही.

मी पंधरा ओळी लिहिल्या. जे होतं ते लिहिलं. शिव्या दिल्या नाहीत, आजोबांच्या नोंदी जशाच्या तशा घातल्या, गोठ्यासकट. आणि कागद घेऊन उचगावला गेले.

दादानं सोफ्यावर बसून वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला.

‘हे काय लिवलंयस?’

‘आजोबांनीच लिवलंय. मी नुसतं वाचलं.’

‘अगं, दवाखान्याच्या दारात लावायचं हाय! बायका बाळंत व्हायला येणार, अन् दारात गोठा वाचणार?’

‘मग काय वाचू दे त्यांना?’

‘घराण्यानं पाठिंबा दिला, भावानं शिकवलं, असं लिव की. दोन ओळी. तुझं काय जातंय?’

स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. हाताला बेसन. ‘वन्सं, त्या काळात समद्यांच्यातच तसं हुतं. आता उकरून काय मिळणार हाय तुम्हास्नी?’

‘मला काय मिळायचंय? तिनं तुमच्या सासऱ्याला काढलं, वहिनी. नसती आली तर दादा नाही, मी नाही, तुमचा डॉक्टर नाही.’

‘म्हणून तर फोटो लावलाय की येवढा मोठा,’ वहिनी म्हणाल्या. त्यांना खरंच वाटत होतं की हिशेब फिटला.

दादानं कागदाची घडी घातली आणि माझ्या पिशवीत टाकली. आवाज चढवला नाही. तो चढवत नाही तेव्हाच भीती वाटते. ‘आजोबांची बेअब्रू करायची आसंल तर कर. पण मग पाडव्याला येऊ नकोस. अन् दुसऱ्या दिवशीबी येऊ नकोस.’

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती.

घरी येऊन मी दिवाणावर बसले ते बसूनच राहिले. पहिले दोन दिवस मी मोठी ताठ होते. मनातल्या मनात दादाला अशी उत्तरं दिली की शाळेत असते तर पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तिसऱ्या दिवशी फोन चार्ज आहे का ते बघितलं. चौथ्या दिवशी परत बघितलं. वरच्या मजल्यावर चकल्यांचा घाणा निघाला, जिन्यात पोरं लवंगी फटाके लावायला लागली, समोरचीची लेक पुण्याहून आली आणि दारातच ओरडली, ‘आई, लई भूक लागलीया!’ माझ्याकडं कुणी येणार नव्हतं, आणि मी कुणाकडं जाणार नव्हते. धनत्रयोदशीला मी एकटीनं एक पणती लावली. तिच्याकडं बघताना मला स्वतःचीच अशी कीव आली की ती कीवच मला सहन होईना.

दुसरा कागद मी एका बैठकीत लिहिला. ‘घराण्याच्या भक्कम पाठिंब्याने आणि धाकट्या बंधूंच्या प्रेरणेने त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. माहेरच्या मायेच्या बळावर त्यांनी पंचक्रोशीतील स्त्रियांची अखंड सेवा केली.’ झकास उतरलं. मराठीची बाई आहे मी, खोटं लिहायला शब्द कमी पडत नाहीत. फोटो काढून दादाला पाठवला. त्यानं उलट एक अंगठा पाठवला आणि मागोमाग लिहिलं, ‘लवकर ये. तुझ्यासाठी करंज्या बाजूला काढून ठेवल्यात.’ वाचून मला बरं वाटलं. तेच जास्त घाण वाटलं.

पाडव्याला मी जरीची साडी नेसले. दारात पितळेची पाटी, तिला झेंडूचा हार, वर अक्काचा तोच गुलाबी ओठांचा फोटो. पुढारी आले, स्त्रीशक्तीवर बोलले, मधेच त्यांचा फोन वाजला तो घेतला आणि परत स्त्रीशक्तीवर आले. भाच्यानं माइकवरून सांगितलं की ह्या सगळ्या संशोधनाचं श्रेय आमच्या आत्तीचं. मला शाल घातली, नारळ दिला. टाळ्या पडल्या. दादाचे डोळे भरून आले होते. नाटक नव्हतं ते, मी ओळखते त्याला. त्याला आता तसंच आठवायला लागलं होतं.

गर्दी जेवणाकडं वळली. मी शाल सावरत पाटीपाशी उभी राहिले. मोफत तपासणीला आलेली एक म्हातारी बाकड्यावर बसली होती, ऐंशीच्या पुढची. तिची नातसून आत तपासायला गेली होती.

‘ओ बाई, ह्यो फोटू मुरगूडच्या डाक्टरीणबाईंचा न्हवं?’

‘व्हय, आज्जी.’

‘तोंड वळखू येईना. पर नाक त्येच.’ ती हसली. ‘मला तिनंच काढलंय. पायाळू मी. आईची आशा सोडल्याली समद्यांनी. वेशीभाईरचं घर आमचं, तिथं कोण येतंय? ती आली. अन् मग येतच राह्यली. काम झालं की आमच्यातच जेवायची, भाकरी अन् खर्डा. आई नगो म्हणायची. म्हणायची, बाई, तुमचं म्हायार दोन शेतांवर हाय, तिथं जावा, बरं जेवा. तर ती म्हणायची, तिथं मला ताट न्हाय गं.’

तिनं पाटीकडं बोट केलं.

‘त्या पितळंवर तिचंच लिवलंय न्हवं? वाचून दावा की. मला अक्षर येत न्हाय.’

तिला अक्षर येत नव्हतं. आसपास कुणी नव्हतं. मला दुसरंही काही वाचता आलं असतं, गोठ्याची ओळ तर पाठ होती. मी पाटीकडं तोंड करून, जे कोरलं होतं तेच, वर्गात धडा वाचतात तशा स्वच्छ आवाजात शेवटपर्यंत वाचलं. पाठिंबा, प्रेरणा, माहेरची माया.

म्हातारीनं परत फोटोकडं बघितलं.

‘असं लिवलंय व्हय?’

‘व्हय.’

‘कुणी लिवलं?’

‘म्हाईत न्हाय, आज्जी.’

तिनं मान हलवली. ‘त्येला कुणी सांगितलं नसंल बिचाऱ्याला.’